उणे चाळीस अंश, लोणावळा

गाडीमालक : मेस्त्री, तुमच्या स्कॅनरवर माझा विश्वास नाही. त्यात राग कमी, हिशेब जास्त आहे. इंजिनावर बसलेला सेन्सर एक आकडा पाठवतो. तो वायरीतून कॉम्प्युटरकडे जातो, कॉम्प्युटर तोच आकडा स्कॅनरला देतो आणि तुम्ही तो मला वाचून दाखवता. सेन्सरच खोटं बोलत असेल तर स्कॅनर तेच खोटं ठळक अक्षरांत छापणार. मग त्याने नवीन काय सांगितलं? पूर्वी मेस्त्री इंजिनाला कान लावायचा, प्लग काढून त्याचा रंग बघायचा, सायलेन्सरचा धूर बघायचा. चुकायचाही, पण इंजिनाकडे बघून चुकायचा. आता बॉनेट उघडायच्या आधी स्टेअरिंगखालच्या सॉकेटात पिन जाते आणि तिथल्या तिथे सेन्सरची किंमत सांगितली जाते. गेल्या पावसाळ्यात माझी चेक लाइट लागली. एका गॅरेजात ऑक्सिजन सेन्सर बदलला, पुढच्या ठिकाणी आणखी एक, त्यापुढे आणखी एक. दर वेळी स्कॅनर लावला होता, दर वेळी लाइट विझली आणि खंडाळ्याचा चढ लागला की पुन्हा पेटली. हे निदान नाही. हा जुगार आहे, आणि त्यातला पैसा माझा आहे.

मेस्त्री : जुगार झाला हे मान्य, शेठ. पण तो स्कॅनरने खेळला नाही. कोडला जे म्हणायचं नव्हतं ते त्याच्या तोंडी घालून माणसांनी खेळला. पी०११८ हा कोड घ्या. तो दिसला की लोक म्हणतात, कुलंटचा सेन्सर गेला. कोड एवढंच सांगतो की कुलंट सेन्सरच्या सर्किटमधलं व्होल्टेज हवं त्याहून जास्त येतंय. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, दोन वायरी आहेत, कपलर आहे, कपलरच्या पिना आहेत आणि पलीकडे कॉम्प्युटर आहे. यातला कोण बिघडला, हे कोडने सांगितलेलं नाही. ते शोधणं माझं काम. आणि त्यासाठी स्कॅनरमधला कोड मला फार लागत नाही, चालू आकडे लागतात. हा सेन्सर गार असताना विजेला जास्त अडवतो, तापला की कमी. बॉश जातीच्या बऱ्याच सेन्सरांत २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास, ८० अंशांना जेमतेम तीनशे. म्हणजे वायर तुटली, अडथळा अमर्याद झाला, की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन भयंकर गार आहे. मग स्कॅनरवर येतं उणे चाळीस. लोणावळ्यात धुकं असतं, डिसेंबरात हात गारठतात, पण उणे चाळीस? तो आकडा तापमानाचा नाहीच, तुटलेल्या वाटेचा आहे. मी कपलर काढतो आणि त्याच्या दोन पिना वायरीच्या तुकड्याने जोडतो. उणे चाळीसवरून आकडा एकदम सव्वाशेच्या वर उडाला, तर वायर आणि कॉम्प्युटर दोन्ही ठीक, सेन्सर दोषी. आकडा जागचा हलला नाही, तर सेन्सर निर्दोष आणि वायरिंग तपासायचं. मिनिटभराचं काम आहे. ते न करता सेन्सर बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

गाडीमालक : उणे चाळीस सोपं आहे हो. असं खोटं कुणीही पकडेल. मला भीती आहे ती बेताने खोटं बोलणाऱ्याची. पाणी ९० अंशांवर आहे आणि सेन्सर ७० म्हणतो. सत्तर हा अशक्य आकडा नाही. सर्किट शाबूत, व्होल्टेज मर्यादेत, त्यामुळे त्या सेन्सरच्या नावाने कोड लागणारच नाही. कॉम्प्युटर समजतो इंजिन अजून तापायचंय, म्हणून जास्त पेट्रोल ओततो. माझं मायलेज जातं, प्लग काळे पडतात. आणि कोड लागलाच तर कुठला? पी०१२८, पाणी वेळेत तापत नाही म्हणून. तो बघून गॅरेजवाला थर्मोस्टॅट बदलतो. म्हणजे एकाच्या खोटेपणाची शिक्षा दुसऱ्याला, तीही कॉम्प्युटरच्या सहीनिशी. अशा वेळी तुमचा स्कॅनर कुठल्या बाजूला उभा असतो?

मेस्त्री : कुठल्याच नाही, म्हणून तर एका साक्षीदारावर मी कधी निकाल देत नाही. दुसरा शोधतो, आणि असा शोधतो की पहिल्याशी त्याचे काही लागेबांधे नसावेत. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवा आणि कुलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, दोन्ही वाचा. रात्रभर उभ्या गाडीत पाणी आणि हवा एकाच तापमानाला आलेली असतात. दोघांत दोन-चार अंशांचा फरक चालेल. एक १८ म्हणतो आणि दुसरा ३५, तर एक खोटा आहे. कोणता, ते ओसरीवर टांगलेला साधा थर्मामीटर सांगेल. तापलेल्या इंजिनावर मी तापमानाची बंदूक धरतो. तीही आंधळेपणाने नाही. चकचकीत अॅल्युमिनियमवर ती बंदूक कमी दाखवते, म्हणून आधी काळी टेप चिकटवतो आणि टेपवर नेम धरतो. सेन्सर काढून उकळत्या पाण्यात बुडवला तरी एक ध्यानात ठेवतो : आपण समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास आहोत, इथे पाणी १०० ला नाही, ९८ अंशांच्या सुमाराला उकळतं.

हवेच्या दाबाच्या सेन्सरसाठी तर आपल्याइतकी चांगली प्रयोगशाळा क्वचित कुणाला मिळत असेल. तुम्ही रोज ती चढता-उतरता. इंजिन बंद ठेवून चावी फिरवली की इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब आणि बाहेरचा दाब सारखाच असतो. खोपोलीत हा सेन्सर १०० किलोपास्कलच्या आसपास दाखवेल. बोरघाट चढून लोणावळ्यात आलात, मध्ये साधारण साडेपाचशे मीटर चढलात, की तोच सेन्सर ९४ च्या आसपास यायला हवा. पावसाळी हवेत दोन्ही आकडे थोडे खाली सरकतील, पण दोघांमधला सहाएक किलोपास्कलचा फरक टिकेल. वर येऊनही सेन्सर शंभरच म्हणत असेल, तर त्याला घाट कळलेलाच नाही. तिथे कोडची वाट बघायची गरज नाही. ही साक्ष सह्याद्रीची आहे आणि सह्याद्रीला गाडीच्या वायरिंगशी काही देणंघेणं नाही.

गाडीमालक : सह्याद्रीचं ठीक. पण गाडीतल्या गाडीत जे साक्षीदार तुम्ही उभे करता, ते खरंच वेगवेगळे असतात का? माझ्या वाचनात आलं की या सेन्सरांपैकी कित्येकांना कॉम्प्युटरच पाच व्होल्ट पुरवतो, आणि तो पुरवठा सामायिक असतो. अर्थही, म्हणजे विजेची परतीची वाटही, सामायिक. समजा भातकापणी झाल्यावर शेतातला उंदीर बॉनेटखाली आला, आपल्या मावळात तो येतोच, आणि त्याने एका सेन्सरची पाच व्होल्टची वायर सोलली. ती बॉडीला चिकटली की त्या पुरवठ्यावरचे सगळेच सेन्सर एकदम खोटं बोलायला लागणार. तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात म्हणून तुम्ही ती खरी धरणार, आणि तिघांना पढवणारा मात्र एकच. बहुमताने सत्य ठरवणं तेव्हा धोक्याचं आहे.

मेस्त्री : अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. पण मी बहुमत मोजत नाही, नातं बघतो. तीन सेन्सर एकाच दिवशी, एकाच क्षणी आजारी पडले, तर तिघांची किंमत काढणारा एकतर नवशिका आहे किंवा लबाड. तिघं कुठे एकत्र येतात ते बघायचं : पाच व्होल्टची वायर, अर्थचा पॉइंट, मधला मोठा कपलर. तिथे मीटर लावायचा. इंजिन चालू, हेडलाइट चालू, पंखा चालू, आणि सेन्सरच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्ट मोजायचे. एकदशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर अर्थ कच्चा. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. चार महिने कपलरांत ओल मुरते, पिनांवर हिरवं चढतं. ते हिरवं डोळ्यांना दिसतं, स्कॅनरला दिसत नाही. म्हणून बॉनेट न उघडणाऱ्याच्या हातातला स्कॅनर मलाही नको.

पण डोळ्यांना आणि कानांना जे कधीच दिसलं-ऐकलं नसतं, ते स्कॅनर दाखवतो. काळ. आकड्याची रेघ काढून बघा. पंखा सुरू झाला आणि त्याच क्षणी कुलंटचं तापमान दहा अंशांनी सरकलं, पंखा थांबला आणि ते परत जागेवर आलं. लिटरांनी मोजायचं पाणी क्षणात दहा अंश तापत नाही की निवत नाही. एवढी घाई फक्त वीज करू शकते. म्हणजे पाणी ठीक, अर्थ खराब. जुन्या काळचा कितीही तरबेज मेस्त्री असू द्या, नुसता कान लावून त्याला हे कळलं नसतं. तुम्ही जुन्या मेस्त्रींचं कौतुक करता. पण त्यांचा कान कार्ब्युरेटरच्या गाडीवर तयार झाला होता, आणि त्या इंजिनात लपवालपवी करायला कॉम्प्युटर नव्हता. आजचा कॉम्प्युटर सेन्सर गेला की स्वतःच एक अंदाजाचा आकडा धरतो, पंखा सतत चालू ठेवतो आणि गाडी ओढत राहतो. इंजिनाचा आवाज जवळपास नेहमीचाच येतो. कान फसतो.

(इथे लेखकाला मध्ये पडणं भाग आहे, कारण दोघंही एक गोष्ट गृहीत धरून चाललेत. चेक लाइट दुरुस्तीच्या सोयीसाठी जन्मलीच नाही, ती प्रदूषणाच्या कायद्यातून आली. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःच स्वतःची तपासणी करणं, सक्तीचं झालं. आपल्याकडे या तपासणीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून सुरू झाला, पुढे १ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि सेन्सरांची संख्या आणखी वाढली. तो दिवा मुख्यतः धुराची काळजी घेणाऱ्या सरकारला जबाब देतो. मालकाच्या खिशाची किंवा मेस्त्रीच्या सोयीची काळजी त्याच्याकडे कुणी सोपवलेलीच नव्हती, हे विसरलं की त्याच्याकडून भलत्या अपेक्षा सुरू होतात.)

गाडीमालक : मग माझ्या ऑक्सिजन सेन्सरचं काय झालं, ते आता मला जरा उलगडतंय. तो सेन्सर म्हणत होता, धुरात ऑक्सिजन जास्त आहे. गॅरेजवाल्याने मला सांगितलं, सेन्सर चुकीचं दाखवतोय.

मेस्त्री : सेन्सर बहुधा खरंच बोलत होता. तो पेट्रोल मोजत नाही, धुरातला ऑक्सिजन मोजतो. एका सिलिंडरचा प्लग किंवा कॉइल चढावर दगा देत असेल, तर त्या सिलिंडरातली हवा न जळता तशीच सायलेन्सरकडे जाते, ऑक्सिजनसकट. सेन्सर तो ऑक्सिजन इमानेइतबारे कळवतो. कॉम्प्युटर त्याचा अर्थ लावतो की पेट्रोल कमी पडतंय, आणि आणखी पेट्रोल ओततो. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टच्या गॅस्केटला चीर असेल तरी हेच होतं, बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणजे मोजमाप खरं, अर्थ खोटा. तुमची गाडी फक्त चढावर तक्रार करत होती, हा सगळ्यात मोठा धागा होता. कोड लागला त्या क्षणी वेग किती, इंजिनावर भार किती, पाणी किती तापलेलं, याची एक नोंद कॉम्प्युटर ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. ती कुणी वाचली होती का?

गाडीमालक : वाचली असेल तर मला सांगितली नाही. आधी कोड पुसला, मग बिल दिलं. आणि इथेच माझी खरी तक्रार आहे, मेस्त्री. तुम्ही आत्ता जे सांगितलंत, सकाळची गार गाडी, खोपोलीचं रीडिंग, अर्थचे व्होल्ट, हे सगळं मला पटलं. पण असं करणारा गॅरेजवाला मला भेटत का नाही? स्कॅनर सगळ्यांकडे आहे, धीर कुणाकडे नाही.

मेस्त्री : कारण धीराचं बिल होत नाही, शेठ. सेन्सर बदलला तर पार्टावर चार पैसे सुटतात, मजुरी वेगळी, आणि गिऱ्हाइकाला हातात जुना पार्ट दिसतो. मी दोन तास मीटर घेऊन वायर शोधली आणि शेवटी एक पिन घासून परत बसवली, तर गिऱ्हाईक म्हणतं, नुसती पिन घासायचे एवढे पैसे? शनिवार-रविवारी मुंबईची गाडी बंद पडून दारात येते, मालकाला दोन तासांत पुण्याला पोचायचं असतं. त्याला शोध नको असतो, लाइट विझलेली हवी असते. आणि आमच्यासारख्यांना कंपन्यांची सगळी माहितीही मिळत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणाने मिळू देत नाहीत, हेच त्यातलं दुखणं होतं. निकाल लागला म्हणून वायरिंगचा नकाशा माझ्या टेबलावर येऊन पडला असं नाही. आजही एखाद्या मॉडेलची बरोबर ओहमची यादी शोधायला सेन्सर बदलण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

गाडीमालक : म्हणजे मी तपासणीचे पैसे वेगळे द्यायला तयार झालो पाहिजे. होईन. पण तुम्ही खरंच दोन तास शोधलंत, हे मला कसं कळणार? तुमचा शब्द हा माझ्यासाठी एकच सेन्सर आहे. त्याला पडताळायला माझ्याकडे दुसरा नाही. कॉम्प्युटरच्या जागी मी बसलोय आणि सेन्सरच्या जागी तुम्ही.

मेस्त्री : बोललात ते झोंबलं, पण खरं आहे. त्यावर उपाय शब्दाचा नाही, नोंदीचा आहे. आपल्या शेजारी आयएनएस शिवाजी आहे, १९४५ पासून नौदलाचे इंजिनवाले तिथे घडतात. त्यांतले निवृत्त लोक गाडी घेऊन येतात तेव्हा पहिला प्रश्न विचारतात, आधीचं रीडिंग किती होतं? जहाजावर रीडिंग लिहून ठेवायची सवय अंगात मुरलेली असते. मोटारीच्या बाबतीत तो प्रश्न मला दुसरं कुणी विचारत नाही. गाडी ठणठणीत असतानाचे आकडे कुणाकडेच नसतात, मग बिघडल्यावर तुलना कशाशी करायची?

गाडीमालक : नोंदीने गॅरेजातला प्रश्न सुटेल. रस्त्यावरचा नाही. आणि हे मी वादासाठी म्हणत नाही, माझ्या पोटावर येणारी गोष्ट आहे. एक्सप्रेसवेच्या चढावर मागे भरलेला ट्रेलर असताना गाडीने एकदम ताकद काढून घेतली, अॅक्सिलरेटर दाबतोय आणि गाडी रांगतेय. कारण काय, तर पेडलचा सेन्सर. इंजिन धडधाकट, पेडल धडधाकट, मी धडधाकट, आणि एका आकड्याच्या संशयावरून कॉम्प्युटरने आम्हा सगळ्यांना शिक्षा केली. तो आकडा खोटा असण्याची शक्यता जास्त होती की मी खोटा असण्याची? बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानांचं असंच झालं. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात, दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन सांगणाऱ्या सेन्सरने चुकीचा आकडा दिला, सॉफ्टवेअरने तो खरा धरला आणि विमानाचं नाक पुन्हा पुन्हा खाली दाबलं. वैमानिक समोर बसलेले होते, त्यांचं कुणी ऐकलं नाही.

मेस्त्री : त्या विमानावर तसे दोन सेन्सर होते, पण ते सॉफ्टवेअर एका वेळी एकाचंच ऐकायचं. तुमच्या पेडलमध्ये नेमकी तीच चूक टाळलेली आहे. तिथे दोन सेन्सर एकत्र बसवलेले असतात, बऱ्याच गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मं. कॉम्प्युटर दर क्षणी दोघांचा मेळ घालतो. मेळ बसला नाही की तो कुणाचंच ऐकत नाही आणि इंजिनाला रांगायला लावतो. समजा त्याने एकाचं ऐकलं असतं, आणि तो नेमका पूर्ण दाबलेलं पेडल सांगत असता, तर उतारावर गाडी तुमच्या हातून सुटली असती. रांगणारी गाडी भरधाव सुटलेल्या गाडीपेक्षा बरी, असा तो विचार आहे.

गाडीमालक : तो विचार सपाट, मोकळ्या रस्त्याचा आहे. रांगणारी गाडी बाजूला घ्यायला जागा असेल तिथे बरी. बोगद्यात नाही. धुक्यात, मागच्याला माझा दिवा दिसत नसताना नाही. ज्याने तो नियम लिहिला त्याच्यासमोर बोरघाट होता का?

मेस्त्री : हे मला सांगता येणार नाही. दोन साक्षीदार भांडले तर कोणाचंही न ऐकणं हे गॅरेजात बरोबर आहे, कारण तिथे थांबायला वेळ असतो. घाटात थांबणं हाही एक निर्णयच आहे आणि त्याचीही किंमत असते. तीन सेन्सर बसवले तर दोघांचं ऐकता येईल, पण तुम्हीच मघाशी म्हणालात की तिघांना पढवणारा एक असू शकतो. शिवाय तिसऱ्याचे पैसेही गाडीच्या किमतीत धरले जातील.

गाडीमालक : आणि चालकाला एक बटण दिलं, माझ्या जबाबदारीवर अर्धी ताकद दे म्हणून, तर?

मेस्त्री : तुमच्या हातात ते बटण मला चालेल. वीकेंडला पहिल्यांदाच घाट चढणाऱ्याच्या हातात चालेल का, याची मला खात्री नाही. आणि कॉम्प्युटरला तुमच्यातला आणि त्याच्यातला फरक कळत नाही.

गाडीमालक : मग आज काय करायचं? लाइट लागलेली आहे, परवा भाडं आहे.

मेस्त्री : आज काही बदलायचं नाही आणि कोडही पुसायचा नाही. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते. त्या नोंदीचा मोबाइलवर फोटो काढा, गाडी रात्रभर इथे ठेवा. सकाळी चावी फिरवताना तुम्ही समोर उभे राहा आणि आकडे स्वतःच्या वहीत उतरवून घ्या. तपासणीचे पैसे मी आधी सांगेन आणि पावतीवर वेगळे लिहीन, दोष सापडो वा न सापडो.